हजाराचे नऊशे ऐंशी कसे झाले?

मागच्या दिवाळीत तालुक्याच्या प्रदर्शनात आमच्या बचत गटाने पापड-मसाल्याचा स्टॉल लावला होता. एका ताईंनी हजार रुपयांचा माल घेतला आणि मशीनला कार्ड लावलं. दुसऱ्या दिवशी खात्यात जमा झाले नऊशे ऐंशी. वीस रुपये गेले कुठे? आमचा पहिला संशय हिशेब लिहिणाऱ्या मैत्रिणीवरच गेला. मग बँकेत विचारलं, माहिती काढली, तेव्हा कळलं की ही कपात सत्तर वर्षांहून जुनी आहे.

१९५० साली अमेरिकेत न्यूयॉर्कला डायनर्स क्लबचं कार्ड निघालं. हॉटेलात जेवायचं, कार्ड दाखवायचं आणि पैसे नंतर क्लबला भरायचे. क्लब हॉटेलवाल्याला पैसे द्यायचा, पण शंभरातले सात स्वतःकडे ठेवून. हॉटेलवाले कबूल झाले, कारण उधारी बुडायची भीती गेली आणि गिऱ्हाईक वाढलं. तेव्हापासून रीतच पडली: कार्ड गिऱ्हाइकाचं, कपात विकणाऱ्याची.

पुढे बँका आल्या, वाटेकरी वाढले. कपातीतला मोठा वाटा सहसा गिऱ्हाइकाला कार्ड देणाऱ्या बँकेचा. बाकीचा आपल्याला मशीन देणाऱ्या बँकेचा आणि या दोघींना जोडणाऱ्या व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे यांचा.

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्ये डेबिट कार्डाच्या कपातीला मर्यादा घातली: दोन हजारांपर्यंतच्या विक्रीवर शेकडा पाऊण रुपया, त्यापुढे एक रुपया. २०१८ पासून वर्षाला वीस लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या विक्रेत्यांसाठी मशीनवर शेकडा चाळीस पैशांची मर्यादा आली. २०२० पासून रुपे डेबिट कार्डावर आणि बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआयवर कपात शून्य झाली.

मग आमचे वीस का गेले? त्या ताईंचं क्रेडिट कार्ड होतं. त्याला अशी मर्यादा नाही. करारात लिहिलेला दर लागतो. आणि त्या करारावर आम्ही सह्या केल्या होत्या, न वाचता!

म्हणून मैत्रिणींनो, मशीन घेण्याआधी तीन प्रश्न विचारा. डेबिटचा दर किती? क्रेडिटचा किती? मशीनचं भाडं किती? उत्तरं गटाच्या वहीत लिहून ठेवा आणि मगच मालाची किंमत ठरवा.

हिशेब लिहिणाऱ्या मैत्रिणीची आम्ही पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर माफी मागितली. तिचा हिशेब पैशापैशाने बरोबर होता.