तारे खाणारे कॅमेरे

अमावास्येच्या रात्री हरिश्चंद्रगडावर ट्रायपॉड लावून तीस सेकंदांचं एक्स्पोजर द्या, आणि घरी येऊन फोटो कॉम्प्युटरवर पूर्ण झूम करून बघा. काळ्या आभाळात कुठेतरी लाल, निळे, हिरवे टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दिसतील. पुढच्या फोटोत कॅमेरा दुसरीकडे वळवला आणि तरीही ठिपके अगदी त्याच जागी असले, तर समजायचं की ते आभाळातले नाहीत, आपल्या सेन्सरमधले आहेत. कायम काळा तो डेड पिक्सेल, कायम पेटलेला तो स्टक, आणि दिवसा शहाण्यासारखा वागून रात्री लांब एक्स्पोजरमध्ये रंग दाखवणारा तो हॉट. "माझा कॅमेरा बिघडला का रे?" असं विचारणाऱ्या मित्रांना मी सांगतो, बाबा रे, एकही खराब पिक्सेल नसलेला मोठा सेन्सर विरळाच. तुझ्या कॅमेऱ्याने आजवर ते लपवले, एवढंच.

या लपवालपवीचा इतिहास मोठा मजेदार आहे.

१९६९ च्या ऑक्टोबरमध्ये बेल लॅब्जमध्ये विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी तासाभराच्या चर्चेत सीसीडीचा आराखडा फळ्यावर मांडला. गंमत म्हणजे त्यांना करायची होती मेमरी, कॅमेरा नव्हे! (नोबेल मिळायला २००९ उजाडलं.) सिलिकॉनवर छोट्या छोट्या खड्ड्यांत विद्युतभार साठवायचा आणि बादल्या पुढे द्याव्यात तसा एका खड्ड्यातून दुसऱ्यात ढकलत बाहेर आणायचा, ही कल्पना. प्रकाश पडला की खड्ड्यात भार आपोआप जमतो, म्हणून त्याचा कॅमेरा झाला. पण रांगेतल्या एकाच माणसाने बादली अडवली तर? त्याच्या मागून येणारं सगळंच बिघडतं, आणि फोटोत एका ठिपक्याऐवजी उभी रेघच उमटते.

कोडॅकच्या स्टीव्हन सॅसनने १९७५ मध्ये बनवलेल्या पहिल्या डिजिटल कॅमेऱ्यात १०० × १०० चा सेन्सर होता, म्हणजे अवघे १०,००० पिक्सेल. आकडा लाखांत आणि पुढे कोटीत गेल्यावर सगळे धडके मिळणं अवघडच. कोडॅक तर शास्त्रीय कामाचे सेन्सर आंब्याच्या पेट्यांसारखे प्रतवारी लावून विकायची. ठिपके किती, खराब रांगा किती, त्यावर दर्जा ठरायचा आणि दर्जावर किंमत.

घरगुती कॅमेऱ्यात मात्र प्रतवारी कुणी सांगत नाही. कारखान्यातच खराब पिक्सेलची यादी करून कॅमेऱ्याच्या मेमरीत ठेवतात आणि प्रत्येक फोटोत त्या जागा शेजाऱ्यांच्या सरासरीने भरतात. हार्ड डिस्कवरचे बॅड सेक्टर असेच बाजूला काढतात, हे आमच्या धंद्यातल्यांना वेगळं सांगायला नको. फरक एवढाच की डिस्क हरवलेला डेटा मनाने लिहीत नाही. कॅमेरा लिहितो! गैरहजर मुलाला बाकावरच्या दोघांच्या मार्कांची सरासरी द्यावी, तसं. दिवसाच्या फोटोत कुणाला पत्ताही लागत नाही. ऑलिंपसने तर ही यादी घरच्या घरी नव्याने करण्याची सोय मेनूतच दिली होती.

हॉट पिक्सेलचं दुखणं वेगळं. सेन्सर तापला की अंधारातही भार जमत राहतो, आणि तापमान साधारण ६-७ अंशांनी वाढलं की तो दुप्पट होतो. यावर प्रामाणिक उपाय म्हणजे डार्क फ्रेम: शटर बंद ठेवून तेवढ्याच वेळाचा दुसरा फोटो काढायचा आणि पहिल्यातून वजा करायचा. वेळ दुप्पट लागतो, पण मनाने काही भरावं लागत नाही.

शॉर्टकटही आहे. लांब एक्स्पोजरमध्ये जो पिक्सेल आजूबाजूच्यांपेक्षा खूपच उजळ दिसेल, त्याला दाबून टाकायचं. २००४ मध्ये आलेल्या निकॉन डी७० मध्ये हे होत होतं, तेही रॉ फाइल लिहिण्याआधी. आता विचार करा, लहान फोकल लेंग्थच्या चांगल्या लेन्समधून तारा सेन्सरवर केवढा पडतो? एखाद-दोन पिक्सेलएवढा. मग कॅमेऱ्याने तारा आणि बिघाड ओळखायचे कसे? त्याने बारीक तारेही साफ केले. हौशी आकाशनिरीक्षक भडकले आणि या प्रकाराला 'स्टार ईटर' हे नाव पडलं. त्यांचा राग मला तरी शंभर टक्के पटतो. ही मंडळी ताऱ्यांची तेजस्विता मोजतात. त्यांच्यासाठी रॉ म्हणजे सेन्सरची साक्ष, आणि इथे साक्षीदारच पढवलेला!

त्यांनी काढलेला तोडगा अस्सल हॅकरचा. नॉइज रिडक्शन चालू करायचं, फोटो काढायचा आणि कॅमेरा डार्क फ्रेम घेत असताना सरळ स्विच ऑफ करायचा. कॅमेरा घाईघाईत फिल्टर न लावलेली फाइल कार्डवर लिहून टाकायचा. याला 'मोड ३' म्हणत. २०१७ च्या सुमारास सोनीच्या काही मिररलेस कॅमेऱ्यांवर हाच आरोप पुन्हा झाला. तेरा वर्षांनी तोच बग. असो.

अंतराळात तर किरणोत्सर्गाच्या माऱ्याने सिलिकॉनचे अणू जागचे हलतात आणि नवे हॉट पिक्सेल तयार होत राहतात. हबल दुर्बिणीवर म्हणून एक वेगळाच रिवाज पडला. शून्याखाली ८० अंशांच्या आसपास चालणारे सीसीडी साधारण महिन्यातून एकदा २० अंशांपर्यंत गरम करायचे. उबेने बरेचसे हॉट पिक्सेल बरे होतात. याला ॲनिलिंग म्हणतात. लोहाराची जुनीच विद्या. उरलेल्या खराब पिक्सेलची नोंद प्रतिमेसोबत दिली जाते, म्हणजे कुठे विश्वास ठेवायचा नाही हे वापरणाऱ्याला कळतं.

जूनो यानावरच्या जूनोकॅमला २०२३ मध्ये हाच शेक कामी आला. गुरूभोवतीच्या ४७ व्या फेरीपासून त्याचे फोटो बिघडू लागले होते. संशय होता वीज पुरवणाऱ्या भागातल्या व्होल्टेज रेग्युलेटरवर, पिक्सेलवर नव्हे. एकदा २५ अंशांपर्यंत गरम केल्यावर काही फेऱ्या सुधारणा दिसली, मग पुन्हा रेघाच रेघा. आयो उपग्रहाची १,५०० किलोमीटरवरून भेट ठरली होती ३० डिसेंबरला. मग एकुलता एक हीटर पूर्ण ताकदीने चालू केला गेला. पहिल्या आठवड्यात फारसा फरक पडला नाही. भेट अगदी काही दिवसांवर आली तेव्हा फोटो एकदम सुधारले, आणि आयोच्या उत्तर ध्रुवाकडचे सल्फर डायऑक्साइडच्या हिमाने माखलेले डोंगर स्वच्छ टिपले गेले.