राजस्पर्श व गंडमाळा

राजानें हात लावला असतां रोग बरा होतो, ही समजूत इंग्लंड व फ्रान्स या दोन राज्यांत कित्येक शतकें नांदली. रोग गंडमाळेचा, इंग्रजींत त्यास ‘राजाची पीडा’ असेंच नांव पडलें होतें. आपल्या वैद्यकांतील ‘राजयक्ष्मा’ या शब्दाशीं त्याचा सांधा जुळविण्याचा मोह कोणास होईल. परंतु आपल्या कथेंत क्षय जडतो तो सोमराजासच. तेथें राजा रोगी आहे, वैद्य नव्हे. नामसाम्यावर इमले रचूं नयेत.

या विषयावर मार्क ब्लॉक या फ्रेंच पंडितानें १९२४ सालीं मोठा ग्रंथ लिहिला. त्यांत आम्हांस विशेष मोलाचे वाटतात ते दानधर्माचे हिशेब. बखरकार राजाची थोरवी गातो; खर्च लिहिणाऱ्या कारकुनास तें काम नसतें. पहिल्या एडवर्डच्या पदरीं स्पर्श झालेल्या प्रत्येक रोग्यास एक पेनी मिळे. त्याच्या कारकीर्दीच्या १८ व्या वर्षीं असे १७३६ रोगी झाले, २८ व्या वर्षीं ९८३, ३२ व्या वर्षीं १२१९. मात्र हा कागद साक्ष देतो ती आलेल्यांची. बरे किती झाले, त्याचा जमाखर्च कोणीं ठेविला नाहीं. शिवाय गंडमाळा मधून मधून आपोआप ओसरते; तें श्रेयहि राजाच्याच पदरांत पडे.

सातव्या हेन्रीपासून पेनीच्या जागीं ‘एंजल’ हें सोन्याचें नाणें आलें. त्यास भोंक पाडून तें फितीनें रोग्याच्या गळ्यांत घालीत. भोंक पडलेलें नाणें संग्राहक हिणकस समजतात. आमच्या मतें तें भोंक हाच लेख होय. अर्थात् दागिन्यासाठींहि नाण्यांस भोंकें पाडीत, हें विसरून चालणार नाहीं.

बापाचा १६४९ त शिरच्छेद झालेला, स्वतः परागंदा, असा दुसरा चार्लस १६६० त गादीवर आला. आपण खरे राजे आहों हें दाखविण्याची निकड त्याच्याइतकी क्वचितच कोणास असेल. त्यानें स्पर्श केलेल्यांची संख्या जॉन ब्राउन या शस्त्रवैद्यानें १६८४ च्या ग्रंथांत ९२,१०७ दिली आहे. रोग्यानें पूर्वीं स्पर्श घेतलेला नाहीं, असा गांवच्या पाद्र्याचा दाखला लागे. सोन्यासाठीं लोक दुसऱ्यांदा येत म्हणून ही तजवीज. पण पहिला स्पर्श फुकट गेलेलेहि त्यांत असणारच, आणि त्यांस या दाखल्यानें दरवाजा बंद झाला!

तिसऱ्या विल्यमनें ही चाल सोडली, ॲन राणीनें पुन्हां धरली, आणि १७१४ त आलेल्या पहिल्या जॉर्जनें ती कायमची टाकली. फ्रान्सांत दहाव्या चार्लसनें १८२५ त रॅंस येथें राज्याभिषेकानंतर तिचा शेवटचा प्रयोग केला.

ॲन राणीनें १७१२ त स्पर्श केलेल्यांत अडीच वर्षांचा सॅम्युएल जॉन्सन, पुढचा कोशकार, होता. त्याचा रोग हटला नाहीं. शस्त्रक्रिया करावी लागली व व्रण जन्मभर राहिले. राणीनें दिलेलें तें पदक मात्र १७८४ त मरेपर्यंत त्यानें गळ्यांतून काढलें नाहीं.