टपाल वाहणारे पाय

राजांच्या तहांची हकीकत आपण आवडीनें वाचतों. परंतु ते कागद पावसापाण्यांतून ज्यानें नेऊन पोंचविले, त्या जासुदाचें नांव बखरींत क्वचितच आढळतें. आज त्याच्याविषयीं व त्याच्या वारसांविषयीं चार शब्द सांगावयाचे आहेत.

चौदाव्या शतकांत इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी दिल्लीस आला, तेव्हां त्यास येथील पायडाकेचें मोठें नवल वाटलें. एका मैलांत तीन ठाणीं, व प्रत्येक ठाण्यावर कंबर कसून बसलेलीं माणसें. धांवणाऱ्याच्या एका हातांत पत्र, दुसऱ्यांत दोन हात लांबीची काठी, आणि काठीच्या टोंकास तांब्याच्या घंटा. नाद कानीं पडतांच पुढील ठाण्याचा मनुष्य उठून सिद्ध होई. सिंधपासून दिल्लीपर्यंतची वाट पन्नास दिवसांची. डाक मात्र पांच दिवसांत पोंचे. पायडाक घोडेडाकेहूनही वेगवान, असें त्यानें लिहून ठेविलें आहे.

पण ती डाक सुलतानाची. सावकार आपले कासीद निराळे पाठवीत. १८३७ च्या कायद्यानें पत्रें नेण्याचा मक्ता कंपनी सरकारनें स्वतःकडे घेतला व आपल्या मुलखांत खाजगी डाकेचा धंदा बेकायदा ठरविला. पुढें १८५४ सालीं पाव तोळ्याचें पत्र अर्ध्या आण्यांत, अंतर कितीही असो, जाऊं लागलें. या सुधारणेचें श्रेय डलहौसीस देतात. तें द्यावेंच, परंतु हा अर्धा आणा सरकारास परवडला तो पाय स्वस्त मिळत होते म्हणूनही, असें माझें मत आहे.

आगगाडी जेथें थांबे तेथून पुढें रनर निघे. पाठीवर थैली, हातांत घुंगरांचा भाला. घुंगरांनीं जनावर बिचकावें, आणि न बिचकल्यास भाला आहेच! आषाढांत कोंकणचे ओढे दुथडी भरले, तरी थैली कोरडी राहिली पाहिजे, हा दंडक.

१८८० पासून टपालखातें मनीऑर्डरी पोंचवूं लागलें, आणि टपालवाल्यास निराळाच मान आला. मुंबईच्या गिरणींत राबणाऱ्या मुलाचे रुपये कोंकणांतल्या म्हातारीच्या हातावर मोजून ठेवणारा तो; तिला अक्षरओळख नसल्यास पत्र वाचून दाखविणारा व उत्तर लिहून देणाराही पुष्कळदां तोच. म्हणून मृत्यूची वार्ताही त्याच्याच तोंडून निघावयाची. बेरंग पत्राचे दुप्पट दाम मागावे, तर शिव्या त्यालाच. शिव्या देणाऱ्यास कायदा ठाऊक नसे, दारांतला माणूस तेवढा दिसे.

एवढा विश्वास, आणि वेतन तुटपुंजें. अखेर महागाईनें गांजून ११ जुलै १९४६ रोजीं पोस्टमन व खालच्या दर्जाचे नोकर देशभर संपावर गेले. २९ जुलैस त्यांच्या पाठिंब्यासाठीं कलकत्त्यांत सार्वत्रिक हरताळ पडला. पत्राविना दिवस कसे जातात, हें तेव्हां पेढ्यांना नि कचेऱ्यांना कळलें.

खेड्यांतील टपाल आज ग्रामीण डाक सेवक वाहतात. त्यांच्या पूर्वसूरींचीं पदें सरकारी नागरी पदेंच होत, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयानें १९७७ सालीं दिला. तरीही खात्याच्या नियमित नोकरांत त्यांची गणना होत नाहीं. २०१८ पासून त्यांचें काम कागदावर चार किंवा पांच तासांचें धरलें जातें, व मोबदला त्या हिशेबानें मिळतो.