शोकाची मुदत

पुत्र गमावलेल्या एका मातेला मी एकदा म्हणालो होतो, "बाई, आता विसरा." या सल्ल्याला इतिहास आहे. मृताच्या ठायी गुंतलेले मन हळूहळू सोडवून घेणे हेच शोकाचे कार्य, असे सिग्मंड फ्रॉईड यांनी १९१७ साली मांडले. १९४२ मध्ये बोस्टन येथील एका नाइट क्लबला आग लागून ४९२ माणसे दगावली. त्यांच्या आप्तांवर उपचार करणाऱ्या डॉ. एरिक लिंडमन यांनी १९४४ साली लिहिले, की चार ते सहा आठवड्यांत, आठ-दहा भेटींत, शोक मार्गी लागू शकतो. सहा आठवडे! आपल्याकडे वर्षाचे मिस्साबलिदान होईपर्यंत घर सावरत नाही.

स्वतः फ्रॉईड यांची कन्या सोफी १९२० मध्ये निवर्तली. ती हयात असती तर ज्या दिवशी छत्तीस वर्षांची झाली असती, त्या दिवशी, १९२९ साली, त्यांनी एका पुत्रवियोगी मित्राला कळविले, की ती रिकामी जागा कधीच भरत नाही, आणि तसेच असावे. प्रेम जपण्याचा तोच एक मार्ग. सिद्धांतात जे आले नव्हते, ते पित्याच्या पत्रात आले.

उपचारशास्त्र मागाहून तेथे पोहोचले. २००५ साली डॉ. कॅथरीन शिअर यांच्या पद्धतीची चाचणी प्रसिद्ध झाली. तीत शोकार्त व्यक्ती डोळे मिटून मृत्यूची हकिगत सांगते, तिचे ध्वनिमुद्रण घरी ऐकते, टाळलेल्या जागी पुन्हा जाते आणि मृताशी कल्पनेत बोलते. या उपचाराने ५१ टक्के रुग्णांना आराम पडला. तुलनेसाठी योजलेल्या उपचाराने २८ टक्क्यांना.

त्या मातेकडे मी पुन्हा गेलो, तेव्हा तिला मुलाविषयी सांगायला सांगितले. ती दोन तास बोलत होती.