स्वतःला सावरणारी यंत्रे आणि उसने घेता येणारे भाग

यंत्राने आपला तोल आपणच सावरावा, ही कल्पना संगणकाच्या इतिहासात फार आरंभापासून आढळते. १९४८ साली रॉस अ‍ॅश्बी या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाने ‘होमिओस्टॅट’ नावाचे उपकरण तयार केले. परस्परांशी जोडलेल्या त्याच्या चार भागांपैकी एकाला धक्का दिला, की चौघे मिळून पुन्हा समतोल शोधीत. दुसरी कल्पना वीस वर्षांनी आली. ऑक्टोबर १९६८ मध्ये पश्चिम जर्मनीतील गार्मिश येथील परिषदेत डग्लस मॅकिलरॉय यांनी, कारखान्यातील सुट्या भागांप्रमाणे आज्ञावलींचेही तयार घटक मिळावेत, असा आग्रह धरला.

हे दोन प्रवाह दीर्घकाळ वेगळे वाहिले. बिघाडातून सावरण्याची तजवीज बहुधा मूळ आज्ञावलीतच विणलेली असे. ती उसवून दुसरीकडे नेणे अवघड होते. २००१ मध्ये आयबीएमच्या पॉल हॉर्न यांनी स्वायत्त चेतासंस्थेचे रूपक मांडले : श्वासोच्छ्वास जसा आपल्या नकळत चालतो, तशीच संगणकप्रणालीनेही स्वतःची निगा राखावी. २००३ मध्ये त्याच संस्थेतील केफार्ट आणि चेस यांच्या निबंधाने या कार्याचे चक्र स्पष्ट केले : निरीक्षण, विश्लेषण, नियोजन, कृती आणि या चारही टप्प्यांना आधार देणारे सामायिक ज्ञान. २००४ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातील ‘रेनबो’ प्रकल्पाने हे चक्र मूळ प्रणालीबाहेर ठेवून तिचा सांगाडा अनेक प्रणालींसाठी पुन्हा वापरता येईल, असे दाखविले.

२०१४ मध्ये जेम्स लुईस आणि मार्टिन फाउलर यांच्या लेखाने ‘मायक्रोसर्व्हिसेस’ ही संज्ञा सर्वतोमुखी केली. एक मोठी आज्ञावली लिहिण्याऐवजी स्वतंत्रपणे बदलता येणाऱ्या लहान सेवा रचाव्यात, हे तिचे सूत्र. आता चक्रातील प्रत्येक टप्पाही स्वतंत्र सेवा होऊ शकतो. परीक्षेच्या निकालाच्या दिवशी गर्दी उसळली, तर ती मोजणारी सेवा आणि निकाल दाखविणाऱ्या सेवेच्या प्रती वाढविणारी सेवा तिकीटविक्रीच्या प्रणालीतही जशीच्या तशी वापरता येते.

मात्र ‘प्रकृती ठीक’ म्हणजे काय, हे या सेवांना कोणीतरी सांगावेच लागते. विलंब मोजायला शिकविलेले चक्र विलंब दूर करते. झटपट मिळालेला निकाल चुकीचा असेल, तर त्याला सारे आलबेलच वाटते. अ‍ॅश्बीच्या उपकरणालाही सुरक्षित मर्यादा त्याच्या कर्त्यानेच आखून दिल्या होत्या. साहित्याच्या अभ्यासकाला हे परके वाटू नये. वृत्त उसने घेता येते. त्यात काय सांगायचे, हे ज्याचे त्यालाच ठरवावे लागते.