हरलेल्या डावाची नाममुद्रा

एखाद्या लेखनप्रकाराचे जनकत्व कोणाकडे द्यावे, हा वाद आपल्याला वाङ्मयेतिहासात वारंवार भेटतो. बुद्धिबळाच्या इतिहासातही तो आहे. १८५५ साली कलकत्त्यात खेळल्या गेलेल्या एका डावात त्याचे उत्तम उदाहरण सापडते. पांढरी मोहरी जॉन कॉक्रेन या स्कॉटिश बॅरिस्टरकडे होती, काळी महेशचंद्र बॅनर्जी यांच्याकडे.

त्या काळी युरोपीय खेळाडू सहसा प्याद्याला प्यादे भिडवून पटाचा मध्य बळकावीत. महेशचंद्रांनी प्रथम घोडा बाहेर काढला, मग उंटाला वाट देण्यासाठी घोड्याच्या स्तंभातील प्यादे एक घर सरकवले आणि तिसऱ्या खेळीला मध्यावर प्याद्याने आव्हान दिले. प्रतिस्पर्ध्याला मध्य व्यापू द्यायचा व दुरून, लांब कर्णावरून त्यावर मारा करायचा, अशी ही कल्पना. तिचे मूळ देशी खेळात शोधता येते. त्यात प्याद्याला पहिल्या खेळीतही सामान्यतः एकच घर चालता येई. त्यामुळे डाव संथपणे उलगडे आणि उंट असा कडेने काढणे स्वाभाविक ठरे.

डाव मात्र कॉक्रेन यांनी जिंकला. अठराव्या खेळीला त्यांच्या घोड्याने राजाजवळचे प्यादे मारले. महेशचंद्रांनी वजिरावर हल्ला करून उत्तर दिले. पण दुहेरी शह, वजिराचे बलिदान आणि स्वतःच्याच मोहऱ्यांत कोंडलेल्या राजावर घोड्याची मात, हा शेवट आता अटळ होता.

पुढे ६७ वर्षांनी, १९२२ साली, व्हिएन्नाच्या अर्न्स्ट ग्रुनफेल्ड यांनी हीच रचना स्पर्धांत आणली आणि तिला त्यांचे नाव मिळाले. कॉक्रेन यांचेही नाव एका डावपेचाला चिकटले. तो ‘कॉक्रेन गँबिट’ त्यांनी १८४८ मध्ये महेशचंद्रांविरुद्धच खेळला होता. महेशचंद्रांच्या वाट्याला ‘भारतीय बचाव’ ही समूहवाचक संज्ञा तेवढी आली.

ग्रुनफेल्ड यांनी काही हिरावून घेतले, असे आम्हांला म्हणावयाचे नाही. ज्याच्या प्रयोगापासून अभ्यासाची परंपरा सुरू होते, त्याचे नाव टिकते. महेशचंद्रांचे आज ज्ञात असलेले डाव बहुतांशी कॉक्रेन यांच्याशी झालेले. म्हणजे त्यांचे कर्तृत्व आपण प्रतिस्पर्ध्याच्या दप्तरातून वाचतो. इंग्रजी नोंदींत त्यांच्या नावाचे लेखनही एकसारखे नाही. मौखिक परंपरेतील रचनाकारांविषयी लिहिताना आपल्याला हीच अडचण येते. म्हणूनच हरलेला डावही संहितेसारखा वाचावा, असे आम्हांला वाटते. या डावात पराभवाच्या कितीतरी आधी, पहिल्या तीन खेळ्यांतच, एक नवा विचार मांडून झालेला आहे.