खाणीवरची हिरवळ मोजताना

उघड्या खाणीतून कोळसा काढून झाल्यावर खड्डे बुजवून, माती पसरून आणि बी पेरून पूर्ववत केलेल्या जमिनीवर वनस्पतींनी कितपत मूळ धरले आहे, हे ठरवण्याच्या अमेरिकेत रूढ झालेल्या पद्धती मुळात खाणींसाठी नव्हे, तर माळरानांच्या आणि चराऊ कुरणांच्या अभ्यासासाठी घडल्या. रॉस्को पाउंड आणि फ्रेडरिक क्लेमेंट्स यांनी १८९८ मध्ये नेब्रास्काच्या माळावर ठरावीक मापाचे चौरस आखून त्यांतील रोपे एकेक करून मोजण्याची पद्धत मांडली, आणि नुसत्या नजरेने बांधलेला अंदाज किती फसवा असतो हे त्या मोजणीतून उघड झाले. १९३३ मध्ये न्यूझीलंडच्या कुरणांसाठी लेव्ही व मॅडन यांनी सुयांची चौकट सुचवली. तिच्यातील सुई सरळ खाली सोडायची, टोक पानाला लागते की उघड्या मातीला हे नोंदवायचे आणि अशा अनेक स्पर्शांवरून आच्छादन, म्हणजे वनस्पतींनी झाकलेल्या जमिनीचे प्रमाण, काढायचे. १९५९ मध्ये डॉबेनमायर यांनी २० बाय ५० सेंटिमीटरची छोटी चौकट रूढ केली, जिच्या कडांवर रंगाने क्षेत्राचे भाग दाखवलेले असल्याने निरीक्षकाला नेमकी टक्केवारी न सांगता सहा वर्गांपैकी एक निवडणे पुरत असे.

या अभ्यासकांच्या साधनांना कायद्याचे वजन मिळाले ते ३ ऑगस्ट १९७७ रोजी, जेव्हा अमेरिकेत खाणजमिनींच्या पुनर्स्थापनेचा संघीय कायदा झाला. वैविध्यपूर्ण आणि टिकाऊ वनस्पती-आच्छादन उभे करण्याची जबाबदारी त्याने खाणचालकावर टाकली, आणि ती पाच वर्षे, तर वार्षिक पाऊस २६ इंच किंवा त्याहून कमी असलेल्या प्रदेशात दहा वर्षे, त्याच्याकडेच ठेवली. तोवर त्याने भरलेली हमीची रक्कम पूर्णपणे सुटत नसे. पुढील नियमांनुसार आच्छादन ठरलेल्या निकषाच्या किमान ९० टक्के असावे लागे, आणि हा निकष पुष्कळदा शेजारच्या न खणलेल्या संदर्भक्षेत्रावरून ठरे.

मोजमापाने जमिनीचे रूपच कसे बदलले, हे अ‍ॅपलाचियन डोंगररांगांत स्पष्ट दिसते. झटपट आच्छादन मिळावे आणि धूप थांबावी म्हणून तेथे अवजड यंत्रांनी उतार दाबून सपाट केले गेले व त्यांवर उंच फेस्क्यू गवत, लेस्पेडेझा अशा जोमदार वनस्पती पेरल्या गेल्या. चौकटीत हिरवळ भरपूर भरली. परंतु घट्ट मातीत मुळे खोल जाईनात, दाट गवताखाली रोपे गुदमरली आणि जेथे पूर्वी ओक व ट्युलिप पॉप्लरची समृद्ध वने होती तेथे विस्तीर्ण गवताळ पठारे उरली. हा दोष चौकटीचा नव्हता. कायद्याच्या शब्दांत वैविध्यही होते, पण सर्वांत सहज मोजता येणाऱ्या गोष्टीलाच यश मानले गेले, आणि त्याची किंमत त्या वनांनी मोजली.

२००४ मध्ये सुरू झालेल्या अ‍ॅपलाचियन पुनर्वनीकरण उपक्रमाने हा क्रम उलटवला: सुमारे चार फूट खोलीचा मातीचा थर न दाबता सैल ठेवायचा, गवत मुद्दाम विरळ पेरायचे, आणि जिवंत राहिलेली झाडे मोजायची. या पद्धतीत रोपांभोवती दिसणारी उघडी माती झाडांना वाढायला मिळालेली जागा ठरते, मात्र धूप होऊ न देण्याची अट तेथेही कायम असते.